वाफ, मीठ आणि दहा दिवस

बदलापूर आणि वांगणी या दोन रेल्वे स्थानकांच्या दरम्यान, उल्हास नदीच्या काठच्या भातखाचरांना लागून चामटोली वसलेले आहे, आणि या गावाचे हवापाणी ध्यानात घेतल्याशिवाय तेथील माणसांच्या नाकाडोक्याच्या तक्रारींचा विचार पुरा होत नाही. लोणावळा-राजमाचीच्या डोंगरांतून निघालेली उल्हास कर्जत, नेरळ, वांगणीवरून येथे येते, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या पट्ट्यात भिंती ओल धरतात, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि गोधड्यांना कुबट वास येऊ लागतो. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासला आलेल्या पुरात मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस याच गावाजवळ पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना नौकांतून बाहेर काढावे लागले होते, हे महाराष्ट्राला आठवते. परंतु असा पूर ओसरल्यावर भिंतीत मुरलेले पाणी पुढे कित्येक आठवडे सुकत नाही, त्यावर बुरशी धरते आणि ती श्वासावाटे घरातल्या प्रत्येकाच्या नाकात जाते, ही गोष्ट मागे पडते. श्रावणाच्या आगेमागे घराघरांतून ‘सायनस वाढलाय’ ही तक्रार ऐकू येऊ लागते, आणि तिच्या मागोमाग चुलीवर किंवा गॅसवर पाण्याचे पातेले चढते.

‘सायनस’ म्हणून जे ओळखले जाते ते वस्तुतः प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याच्या हाडांत असलेले पोकळ कप्पे होत. त्यांच्या चार जोड्या असतात : एक गालांच्या हाडांत, दुसरी भुवयांच्या वर कपाळात, तिसरी दोन डोळ्यांच्या मध्ये लहान लहान खणांच्या रूपाने, आणि चौथी त्याहूनही मागे, कवटीच्या तळाशी. गालातल्या कप्प्याचे सविस्तर वर्णन नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने १६५१ मध्ये केले आणि त्यावरून तो कप्पा बराच काळ त्याच्याच नावाने ओळखला गेला. या कप्प्यांना आतून नाकासारखेच ओलसर अस्तर असते, त्यातून पातळ स्राव पाझरतो, आणि अस्तरावरचे अतिसूक्ष्म केस, ज्यांना पक्ष्माभिका म्हणतात, दर सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलून तो स्राव कप्प्याच्या तोंडाकडे ढकलत राहतात. येथे शरीररचनेतील एक अडचण मुद्दाम सांगण्याजोगी आहे. गालातील कप्प्याचे तोंड तळाशी नसून वरच्या अंगाला असते. तो कप्पा जणू गळ्याशी भोक पाडलेला रांजण आहे, आणि उभ्या माणसाच्या गालातला स्राव बाहेर पडायचा तर त्या सूक्ष्म केसांना तो गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवावा लागतो. सर्दीने अस्तर सुजले की काही मिलिमीटर रुंदीचे ते तोंड मिटते, आतला स्राव साचून घट्ट होतो, केसांची हालचाल मंदावते, आणि मग गालाच्या हाडाखाली ठणका, वरच्या दाढांत सळ, भुवयांवर जडपणा आणि पुढे वाकताच डोके फुटेल असे वाटायला लावणारी कळ सुरू होते.

या दुखण्याचा एक हिशेब आहे आणि सर्व घरगुती उपचारांचे मोल त्याच हिशेबावर ठरते. अशा दाहाची बहुतेक प्रकरणे विषाणूंमुळे होतात. मोठ्या माणसांच्या साध्या सर्दीच्या शंभर प्रकरणांत जेमतेम एक-दोन ठिकाणीच जिवाणूंचा संसर्ग मागाहून जोडला जातो. उरलेल्या साऱ्यांत शरीर सात ते दहा दिवसांत आपले आपण निस्तरते. प्रतिजैविके, म्हणजे जिवाणू मारणारी औषधे, विषाणूंवर चालत नाहीत. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे जिवाणूच असणार, ही समजूत शिकल्यासवरल्या घरांतही पक्की असते, पण तो रंग मुख्यतः लढायला आलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशींमधील द्रव्यांचा असतो आणि तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. ठरवतात ते दिवस. त्रास दहा दिवस उलटूनही तसाच राहिला, किंवा पाचव्या-सहाव्या दिवशी उतार पडून पुन्हा उसळला, किंवा आरंभीच तीन-चार दिवस कडक ताप आणि पुवासारखा स्राव राहिला, तर जिवाणूंचा संशय घ्यायचा आणि डॉक्टरांकडे जायचे. तोवरच्या दिवसांत माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात : कप्प्यांची तोंडे उघडी राहावीत आणि वेदना सोसवेल इतकी व्हावी. घरगुती उपाय संसर्ग मारत नाहीत. ते या दोन गोष्टी करतात किंवा करत नाहीत, आणि त्यांची पारख याच कसोटीवर व्हायला हवी.

सर्वांत आधी आठवते ती वाफ. पातेल्यात पाणी उकळायला ठेवायचे, परसातल्या गवती चहाची दोन-चार पाती मुडपून टाकायची, चिमूटभर ओवा किंवा तुळशीची पाने घालायची, पातेले उतरवून घट्ट बुडाच्या पाटावर किंवा जमिनीवर ठेवायचे, आणि डोक्यावरून जाड टॉवेल किंवा चादर घेऊन तोंड त्यावर धरायचे. पहिल्या दोन-तीन श्वासांना नाक जुमानत नाही, वाफ तोंडावाटेच घ्यावी लागते, मग एका नाकपुडीत काहीतरी सुटल्यासारखे होते, डोळ्यांतून पाणी वाहते आणि गालांवर घामाचे थेंब जमून हनुवटीवरून पातेल्यात पडू लागतात. ओव्यातील थायमॉल आणि निलगिरीच्या तेलातील सिनिऑल ही उडून जाणारी सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर वर येतात आणि श्वास मोकळा झाल्याची जाणीव तीव्र करतात. पाणी उकळण्याइतका वेळ नसेल तेव्हा ओवा तव्यावर भाजून, तडतडू लागला की पातळ सुती फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी हुंगायला देतात, आणि निवली की पुन्हा तव्यावर टेकवून गरम करतात. लहान मुलांच्या बाबतीत ती पातेल्याहून कितीतरी सुरक्षित असते, मात्र तीही आधी आपल्या मनगटावर टेकवून पाहावी लागते.

वाफेविषयी प्रामाणिकपणे बोलायचे तर तिची कीर्ती तिच्या कामगिरीपेक्षा मोठी आहे. इंग्लंडमध्ये या दुखण्याने वारंवार त्रासलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत वाफ घेणाऱ्यांची डोकेदुखी कमी झाली, पण इतर लक्षणांत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. गरम दमट हवा कप्प्याच्या मिटलेल्या तोंडातून आत पोहोचत नाही; ती नाकातला स्राव सैल करते, चेहऱ्याला शेक देते आणि माणसाला दहा मिनिटे डोळे मिटून स्वस्थ बसवते. डोकेदुखी कमी होणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे, आणि ज्याचे कपाळ दुपारपासून ठणकत आहे त्याला तेवढ्यासाठीही पातेले हवेसे वाटावे, यात गैर काही नाही. चूक घडते ती वाफेला औषध समजून तिचा मारा करण्यात. पाणी उकळत्या अवस्थेत असताना तोंड खाली नेणे, पलंगावर किंवा मांडीजवळ पातेले ठेवणे, लहान मुलाला चादरीत धरून बसवणे, यांतून भाजण्याच्या दुर्घटना घडतात, आणि सर्दी ओसरून जाते तरी भाजल्याचा व्रण उरतो. पातेले आचेवरून उतरवून मिनिट-दोन मिनिटे थांबावे, तोंड वीतभर तरी दूर असावे आणि लहान मुलांना या प्रकारापासून लांब ठेवावे, एवढे प्रत्येक घराने पाळायला हवे.

बाम आणि लेप यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. कासीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केले, आणि पुढे शतकभर त्या पिवळ्या मलमाची छोटी बाटली मराठी घरांच्या फडताळात कायमची राहिली. अशा मलमांतील मेन्थॉल हे द्रव्य नाकातील थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. प्रत्यक्षात नाकातली वाट रुंदावलेली नसते, तरी हवा सहज जात असल्याचा भास होतो आणि त्या भासाने झोप लागते. याहून जुना प्रकार सुंठीचा. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून सुंठीचा तुकडा गोल गोल उगाळायचा, पांढुरके गंध दाट होऊ लागले की बोटाने पुसून घ्यायचे, पळीत किंचित कोमट करून कपाळावर आणि गालांच्या हाडांवर लावायचे, डोळ्यांपासून अंतर राखून. पहिल्यांदा थंड लागते, मग हळूहळू चुरचुरते, त्वचा लाल होते आणि लेप वाळून ताणला गेला की आतला ठणका बाहेरच्या चुरचुरीमागे दबतो. कातडीवरच्या सौम्य दाहाने खोलवरची वेदना झाकायची, ही युक्ती जगभरच्या वैद्यकांत आढळते. नाजूक कातडीवर मात्र तिच्यामुळे फोड येतात, म्हणून लेप वाळताच धुऊन टाकणे हेही उपचाराचेच अंग मानावे. ज्यांना यांपैकी काहीच सोसत नाही त्यांच्यासाठी गरम पाण्यात पिळलेला पंचा गालांवर धरणे हा सर्वांत साधा आणि सर्वांत निरुपद्रवी उपाय आहे.

डोकेदुखीच्या बाबतीत जुन्या वैद्यकाचे निरीक्षण किती बारीक होते, याचा एक दाखला येथे दिल्यावाचून राहवत नाही. सूर्य उगवताच सुरू होणारी, तो माथ्यावर येईपर्यंत वाढत जाणारी आणि मावळतीबरोबर ओसरणारी डोकेदुखी आयुर्वेदाने सूर्यावर्त या नावाने स्वतंत्र नोंदली आहे. आजचे कान-नाक-घसातज्ज्ञ कपाळातील कप्प्याच्या दाहाचे वर्णन जवळजवळ याच शब्दांत करतात : रात्रभर आडवे राहिल्याने स्राव साचतो, सकाळी उठल्यावर दुखणे चढत जाते, उभे राहिल्याने दिवसभरात थोडा निचरा होतो आणि सायंकाळी उतार पडतो. सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाऊन पुन्हा पडून राहण्याचा जो तोडगा अजूनही सांगितला जातो त्याने कप्पा रिकामा होण्याचे कारण नाही, परंतु दुखणे सकाळीच गाठते हे ज्यांनी ओळखले त्यांच्या नजरेला दाद द्यायलाच हवी. त्या निरीक्षणातून निघणारा खरा उपाय उशीचा आहे : रात्री डोके दोन उशांनी उंच ठेवून झोपले तर सकाळचा ठणका पुष्कळांना कमी जाणवतो. ओढ्याकाठी आणि बांधांवर सहज आढळणाऱ्या निर्गुडीचा पाला सावलीत वाळवून त्याची उशी करण्याचा रिवाज ग्रामीण महाराष्ट्रात आहे, आणि निर्गुडीच्या वासाने नेमके काय साधते हे बाजूला ठेवले तरी त्या उशीने डोक्याखालची उंची वाढते, इतके तर खरेच.

खाण्यापिण्याच्या उपायांवर फार थांबण्याचे कारण नाही, पण पहिल्या पावसात खाचरांतून बाहेर येणारे मुठे, म्हणजे शेतातले लहान खेकडे, पकडून त्यांचे लसूण-मिरी घातलेले गरम सार सर्दी झालेल्याला पाजण्याची या पट्ट्यातील रीत उल्लेखाविना सोडणे बरे होणार नाही. १९७८ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका छोट्या प्रयोगात कोंबडीचे गरम सूप घोट घोट प्यायल्यावर नाकातील स्राव अधिक वेगाने सरकतो असे दिसले होते आणि तो परिणाम अर्ध्या तासात ओसरला होता. मुठ्यांच्या सारावर असा प्रयोग कोणी केल्याचे ऐकिवात नाही, तरी गरम द्रव, तिखट आणि वाफ यांचे काम दोन्हीकडे सारखेच चालावे. कुळथाचे सार, गवती चहा आणि आल्याचा काढा यांचीही तीच वाट. अडुळशाच्या काढ्याबद्दल एवढे सांगावे की त्याच्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्याच्या रचनेवरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झाले. पाणी भरपूर पिणे, हा उपदेश कंटाळवाणा वाटला तरी साऱ्या काढ्यांचा अर्धा गुण त्यांतील पाण्यातच असतो.

सर्व घरगुती उपायांत ज्याच्या बाजूने सर्वाधिक पुरावा उभा आहे तो मात्र बहुतेक घरांत सर्वांत कमी केला जातो, आणि तो म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे. हठयोगाच्या ग्रंथांनी सांगितलेल्या सहा शुद्धिक्रियांत नेती ही एक आहे. त्या ग्रंथांतील नेती सुताची आहे, आणि नळीच्या भांड्याने एका नाकपुडीत पाणी सोडून दुसरीतून काढण्याची जलनेती आज अधिक प्रचलित आहे. चामटोलीवरून जाणारा लोहमार्ग पुढे कर्जतनंतर घाट चढून लोणावळ्याला पोहोचतो, आणि तेथेच १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभला. शुद्धिक्रिया हा साधकांपुरता गूढ विधी नसून शरीरशास्त्राच्या भाषेत मांडता येणारी गोष्ट आहे, हा विचार या संस्थेने महाराष्ट्रात रुजवला. वर उल्लेखिलेल्या इंग्लंडमधील चाचणीतही नाक धुणाऱ्यांना वाफ घेणाऱ्यांपेक्षा अधिक, जरी माफकच, आराम पडला. कारण उघड आहे : खारे पाणी घट्ट स्राव, धूळ आणि परागकण प्रत्यक्ष वाहून नेते, अस्तराची सूज थोडी उतरवते आणि त्या सूक्ष्म केसांना पुन्हा हलायला मोकळीक देते.

कृती सोपी असली तरी तिच्यात एक गोष्ट जीवन-मरणाची आहे. पावशेर, म्हणजे साधारण अडीचशे मिलिलिटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. साध्या पाण्याने नाक झोंबते, कारण ते शरीरातील द्रवांहून कमी खारट असते. परंतु हे पाणी उकळून कोमट केलेलेच असले पाहिजे. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा गोड्या पाण्यात राहतो, तो प्यायल्याने अपाय होत नाही, पण नाकावाटे वर गेला तर मेंदूपर्यंत पोहोचतो आणि होणारा आजार बहुधा प्राणघातक ठरतो. २०११ मध्ये अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुतल्यामुळे दोघांचा मृत्यू झाला होता. विहीर, कूपनलिका, टँकर आणि नळ अशा निरनिराळ्या पाण्यांवर जगणाऱ्या आणि पुराचे पाणी अंगणापर्यंत आलेले पाहिलेल्या वस्तीत ही सूचना प्रत्येकाच्या कानावर जायला हवी. पाणी खळाखळा उकळावे, झाकून निववावे, भांडे रोज धुऊन कोरडे करावे आणि ते दुसऱ्याने वापरू नये. डोके बाजूला कलते करून तोंडाने श्वास घेत पाणी सोडावे, आणि शेवटी पुढे वाकून एकेका नाकपुडीतून हलकेच शिंकरावे. दोन्ही नाकपुड्या दाबून जोराने शिंकरल्यास पाणी आणि स्राव कानाकडे जाऊ शकतो. नाक पूर्ण बंद असेल तेव्हा हा उपाय करण्यात अर्थ नाही.

योगातीलच भ्रामरी, म्हणजे ओठ मिटून भुंग्यासारखा गुंजारव करत सोडलेला श्वास, हिच्याशी जुळणारी एक लक्षवेधी नोंद स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये केली : गुणगुणताना नाकातून बाहेर येणाऱ्या हवेत नायट्रिक ऑक्साइड या वायूचे प्रमाण साध्या श्वासाच्या तुलनेत सुमारे पंधरा पट वाढते. हा वायू मुख्यतः याच कप्प्यांत तयार होतो, म्हणजे गुंजारवाच्या कंपनांनी कप्प्यांतली हवा नाकातल्या हवेशी खेळू लागते. त्याने दाह बरा होतो असे म्हणणे घाईचे होईल, पण हाडांच्या त्या बंद खोल्यांपर्यंत श्वासाने पोहोचण्याचा एक मार्ग आहे, हे कळल्याचा आनंद काही कमी नाही.

नाकात तेल किंवा तूप सोडण्याचा उपचार, ज्याला आयुर्वेदात नस्य म्हणतात, तो पंचकर्मांपैकी एक आहे आणि वाग्भटाने नाकाला मस्तकात शिरण्याचे दार मानले आहे. जाणत्या वैद्याने मोठ्या माणसाला दिलेल्या नस्याबद्दल येथे वाद नाही. तान्ह्या बाळाच्या नाकात न्हाऊ घालताना तेल-तूप सोडण्याची जी सवय आजही आढळते तिच्याबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे : ते तेल श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते आणि त्यापासून होणारा न्यूमोनिया बालरोगतज्ज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे. दुकानात सहज मिळणारे, नाक तत्काळ मोकळे करणारे थेंबही पाच-सात दिवसांपलीकडे वापरले तर उलटतात; औषध उतरताच अस्तर पूर्वीपेक्षा अधिक सुजते आणि माणूस त्या बाटलीला बांधला जातो.

धुराच्या उपायांशी तर हा लेख सहमत होऊ शकत नाही. हळकुंड दिव्यावर पेटवून त्याचा धूर नाकाने ओढणे, ओवा आणि लसणाच्या सालींची धुरी घेणे, यांमागे पिढ्यांचा विश्वास आहे. परंतु कोणताही धूर त्या सूक्ष्म केसांची गती मंदावतो, आणि ज्या केसांवर सारा निचरा अवलंबून आहे त्यांनाच तो जेरीस आणतो. शिवाय या भागाला धुराची वाण कधीच नव्हती. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा, फांद्या आणि शेण जमिनीच्या तुकड्यावर पसरून जाळतात. पाऊस संपला की वीटभट्ट्या लागतात आणि त्यांवर राबणारी कातकरी कुटुंबे भट्टीच्या शेजारीच झोपड्या घालून राहतात. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील रसायनांच्या उग्र वासाबद्दल रहिवासी वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत. आणि नव्या इमारतींच्या बांधकामांची धूळ आता गावांपर्यंत आली आहे. अशा हवेत वारंवार सुजणारे नाक हे त्या एकट्या माणसाच्या प्रकृतीचे दुबळेपण म्हणता येत नाही. बारा आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या दाहाला जुनाट म्हणतात, आणि त्यातील पुष्कळ रुग्णांचा हा त्रास अ‍ॅलर्जी, दमा, नाकाचा वाकडा पडदा किंवा नाकात वाढलेले मऊ कोंब यांच्याशी निगडित असतो; ओल आलेल्या भिंतीचा गिलावा काढून ती वाळवणे, गोधड्यांना कडक ऊन दाखवणे आणि स्वयंपाकघराला धूर जाण्याची वाट ठेवणे ही कामे म्हणूनच कोणत्याही काढ्याइतकीच उपचारात मोडतात. एकाच बाजूचा गाल सारखा दुखत असेल आणि नाकातून घाण वास येत असेल तर दाताच्या डॉक्टरांनाही दाखवावे, कारण वरच्या दाढांची मुळे गालातल्या कप्प्याच्या तळाला भिडलेली असतात, आणि दाढेत लवंग धरून दडपलेले दुखणे आत त्या कप्प्यात पू साठवत राहिलेले असू शकते.

घरगुती उपायांची सीमा किती झटकन येते हे महाराष्ट्राने २०२१ च्या उन्हाळ्यात पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी दिवसातून अनेकदा वाफ घेतली जात असताना, त्या आजारातून उठलेल्या आणि विशेषतः मधुमेह असलेल्या व स्टिरॉइड औषधे घेतलेल्या रुग्णांमध्ये म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार झपाट्याने दिसू लागला. त्याची सुरुवात अगदी साध्या ‘सायनस’सारखी होत असे : गाल दुखणे, नाक बंद, दात हलल्यासारखे वाटणे. पुढे डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे, गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव, आणि बुरशी डोळ्यात व मेंदूत शिरणे. त्या मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य करण्यास सांगितले, आणि अ‍ॅम्फोटेरिसिन बी या औषधासाठी नातेवाइकांची शहरोशहरी धावाधाव झाली. ज्यांनी पहिल्या काही दिवसांत डॉक्टर गाठला त्यांचे डोळे व प्राण वाचण्याची शक्यता अधिक होती. जे वाफेवर विसंबून राहिले त्यांनी तेच मोलाचे दिवस गमावले. म्हणून डोळ्याभोवती सूज वा लाली, नजरेत फरक, मान आखडणे, असह्य डोकेदुखी, गुंगी, चेहऱ्याची बधिरता किंवा काळा स्राव यांपैकी काहीही दिसले तर दहा दिवसांचा हिशेब तेथेच मोडतो, आणि पातेले बाजूला सारून त्याच तासाला उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाची किंवा जवळच्या कोणत्याही रुग्णालयाची वाट धरावी लागते. मधुमेह असणाऱ्यांनी तर साध्या वाटणाऱ्या त्रासातही थांबू नये.

या साऱ्या उपायांत गृहीत धरलेली एक गोष्ट असते ती विश्रांती, आणि तीच सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. पहाटेची लोकल गाठून दाराशी वारा खात मुंबईला जाणारा कारकून रजा टाकू शकतो, किमान तशी सोय त्याच्या नोकरीत असते. जुलैत भातलावणीच्या, म्हणजे आवणीच्या दिवसांत, गुडघाभर चिखलात कंबरेतून वाकून रोपे खोवणाऱ्या बाईला ती सोय नसते. आणि पुढे वाकणे हीच ज्या दुखण्याची सर्वांत क्रूर घडी, तीच तिची दिवसभराची कामाची बैठक असते. तिच्यासाठी उपाय सांगायचा तर तो तिच्या दिवसात बसणारा हवा. रात्री जेवणानंतर पाणी उकळून झाकून ठेवावे आणि पहाटे निघण्याआधी मीठ घालून नाक धुवावे. दुखणे अनावर असेल तर पॅरासिटामॉलची गोळी घ्यावी, काही खाऊन. वाफ संध्याकाळी परतल्यावर, चूल शांत झाल्यावर घ्यावी. रोपांच्या मुठी बांधण्याचे, बसून करायचे काम त्या चार-पाच दिवसांत तिला द्यावे आणि खोवणीला दुसऱ्या कोणी उभे राहावे. आवणी बहुधा एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने, सावडीने होते, तेव्हा एवढी अदलाबदल करणे गावाला जड जात नाही. ती मागण्याचा संकोच तिच्यावर न टाकता घरातल्या दुसऱ्या कोणी तो विषय काढायचा असतो.